ॲन्टिऑक्सिडंटसाठी घरात नेमकं काय करायचं: गोळ्यांच्या डब्यापासून तेलाच्या कढईपर्यंत

कराडच्या बाजूला आमचं छोटं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली मी काउंटरवर उभी राहतेय, आणि आठवड्यातून तीनचार जण तरी "ताई, ती ॲन्टिऑक्सिडंटची गोळी द्या" म्हणत येतातच. कुणाचे केस गळतायत, कुणाला थकवा आहे, कुणाला मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलंय. मागच्या उन्हाळ्यात ओळखीचे एक आबा आले, सत्तरी ओलांडलेली, पिशवीतून पाच स्ट्रिप्स काढून ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "बघ गं पोरी, ह्यातली कुठली जास्त पावरची." मी एकेक उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर पाचपैकी चारांत व्हिटॅमिन ई होतं, तिनांत बीटा कॅरोटीन होतं, आणि खिशातून बिडीचं बंडल डोकावत होतं. महिन्याला अठराशे रुपये जात होते त्यात. समोरच्या गाडीवर पेरू होते, घ्या म्हटलं तर म्हणाले महाग झालेत.

त्या दिवशी मी आबांना तासभर बसवून सांगितलं आणि तेच इथे सविस्तर लिहितेय, म्हणजे दरवेळी नव्याने सांगायला नको. एकदम सगळं करायला जाऊ नका, ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, कारण पहिल्या दोन गोष्टी केल्या नाहीत तर पुढच्यांचा फायदा फार कमी होतो.

आधी हे काय प्रकरण आहे ते दोन मिनिटांत

खोबऱ्याची वाटी पावसाळ्यात डब्यात तशीच राहिली की खवट होते, शेंगदाण्याचं कूट महिनाभर ठेवलं की त्याला वास मारतो. हे ऑक्सिडेशन. चरबीच्या एका कणाला ऑक्सिजनने धरलं, तो कण बिघडला, मग त्याने शेजारच्याला बिघडवलं, त्याने त्याच्या पुढच्याला, अशी साखळी चालू राहते. ह्या साखळीतले जे बिघडलेले कण असतात, ज्यांचा एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला असतो आणि ते दुसऱ्याचा ओढून घेतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. आणि जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतो तो ॲन्टिऑक्सिडंट. तुमच्या घरातली तेलाची पिशवी फिरवून बघा, बऱ्याच पिशव्यांवर ॲन्टिऑक्सिडंट आणि पुढे ३१९ असा नंबर असतो, तो तेल खवट होऊ नये म्हणूनच घातलेला असतो.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचंच आहे, त्यामुळे हाच खवटपणा आत पण होऊ शकतो, आणि नुसतं आवरणच नाही तर प्रथिनं आणि डीएनए पण बिघडतात. १९५६ मध्ये डेनम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हातारपण ह्या फ्री रॅडिकलमुळेच येतं असं मांडलं, आणि तिथून पुढे सगळ्यांना वाटायला लागलं की मग बाहेरून भरपूर ॲन्टिऑक्सिडंट घातलं की झालं काम.

पण शरीराची स्वतःची व्यवस्था आहे आणि ती फार जबरदस्त आहे. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की पांढरा फेस फसफसून येतो ना, तो फेस आपल्याच रक्तातलं आणि पेशींतलं कॅटालेज नावाचं एन्झाइम काढतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. हेच काम ते आत रात्रंदिवस करतं. त्याच्या जोडीला सुपरऑक्साइड डिसम्यूटेज आहे, ग्लुटाथायोन आहे. ह्यांना कच्चा माल लागतो तो साधा: डाळी, अंडी, दूध, मासे ह्यांतून येणारं प्रोटीन, आणि थोडं झिंक, तांबं, मँगनीज, सेलेनियम, लोह. म्हणजे जी बाई दिवसभर चहा-बिस्किटावर राहून रात्री ॲन्टिऑक्सिडंटची कॅप्सूल घेते तिची ही आतली फॅक्टरीच अर्धपोटी चालू आहे.

आणि अजून एक, फ्री रॅडिकल सगळेच शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. सगळे पुसून टाकायचे नसतात, तोल ठेवायचा असतो.

पहिलं काम: गोळ्यांचा डबा टेबलावर उलटा करा

घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, बाटल्या, पावडरी, ओळखीच्या कुणीतरी चहाला बोलावून विकलेले महागडे ज्यूस, सगळं एकत्र मांडा. कागद घ्या. प्रत्येकावर मागे जे घटक लिहिलेत त्यातले व्हिटॅमिन ए, बीटा कॅरोटीन, सी, ई, सेलेनियम आणि झिंक एवढेच शोधा आणि मिलिग्रॅमसकट कागदावर उतरवा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण एकच गोष्ट तीन नावांनी तीन पाकिटांतून पोटात जात असते.

आता ह्याची भीती का बाळगायची ते सांगते, आणि हे माझं मत नाही, मोठ्या प्रयोगांमधून निघालेलं आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना काही वर्षं बीटा कॅरोटीन किंवा व्हिटॅमिन ई किंवा दोन्ही किंवा नुसती खोटी गोळी दिली. अपेक्षा होती की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, १८,३१४ लोक, सिगरेटवाले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामातले, त्यात बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए देत होते, तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या आधीच थांबवावा लागला कारण गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर २८ टक्के जास्त दिसत होता. मग ३५,५३३ पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचा प्रयोग झाला प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, २०११ मध्ये कळलं की रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तो कॅन्सर १७ टक्के जास्त झाला. हे ४०० म्हणजे साधारण आमच्या दुकानात केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी म्हणून लोक जी हिरवी कॅप्सूल मागतात त्याच ताकदीच्या आसपासची गोष्ट आहे. २०१२ मध्ये असे ७८ प्रयोग, जवळपास तीन लाख माणसं, एकत्र करून पाहिली गेली, आणि ॲन्टिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं असं काही सापडलं नाही, उलट बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई ने मृत्यूचं प्रमाण थोडं वाढत असावं असंच दिसलं.

म्हणून आबांना मी सांगितलं, बिडी आणि बीटा कॅरोटीन ही जोडी सगळ्यात वाईट, आजच्या आज बंद.

पण सरसकट सगळंच फेकू नका. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं काही असेल तर ते तुमच्या मनाने बंद करायचं नाही, त्यांना विचारायचं. डोळ्याच्या पडद्याचा वयाने होणारा एक आजार आहे, मॅक्युलर डिजनरेशन, त्याच्या मधल्या टप्प्यावर व्हिटॅमिन सी, ई, झिंक, तांबं, ल्युटीन असं ठरावीक मिश्रण खरंच उपयोगी पडतं हे सिद्ध झालेलं आहे, आणि २०१३ नंतर त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन घातलं ते पण सिगरेटवाल्यांच्या धोक्यामुळेच. गरोदरपणातल्या लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ह्या वेगळ्या, त्या चुकवायच्या नाहीत.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल वेगळं सांगते कारण आपल्याला वाटतं हळदच तर आहे. स्वयंपाकातली हळद अर्धा चमचा, त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा पदार्थ, साधारण तीन टक्के. कॅप्सूलमध्ये तेच कितीतरी पट गोळा केलेलं, वर मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं म्हणजे ते रक्तात जास्त शिरावं. अशा कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. फोडणीतली हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे. कावीळ होऊन गेलेली असेल, लिव्हरचा काही त्रास असेल तर अजिबात नको.

दुसरं काम: धूर आणि तंबाखू

खरं तर हे पहिलं असायला हवं. सिगरेट-बिडीच्या एकेका झुरक्यात अब्जावधी फ्री रॅडिकल आत जातात, त्यापुढे तुमचा आवळा किती पुरणार. ओढणाऱ्या माणसाचं व्हिटॅमिन सी इतकं खर्च होतं की अमेरिकेत त्यांच्यासाठी रोजची गरज ३५ मिलिग्रॅमने जास्त धरलेली आहे.

पण आमच्याकडे बायका बिडी ओढत नाहीत, मिश्री लावतात. कुणी मशेरी म्हणतं. माझ्या आईने चाळीस वर्षं लावली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका, आम्ही पोरं अंगणात पळायचो, मग ती कुटून डबीत भरायची, आणि सकाळी उठल्या उठल्या, मग भांडी घासून झाल्यावर, मग दुपारी, मग झोपताना. "मी कुठं तंबाखू खाते, मी दात घासते" हे तिचं ठरलेलं वाक्य. भाजल्यामुळे त्यात धुरातली कॅन्सर करणारी रसायनं अजून वाढतात, आणि गरोदर बाईने लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. आईच्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आला तेव्हा कुठे तिने ऐकलं.

तिची मिश्री कशी सुटली ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होईल. एकदम बंद केली तेव्हा चौथ्या दिवशी परत चालू झाली, डोकं दुखायचं आणि पोट साफ होत नव्हतं. मग आम्ही वेळा धरल्या. दुपारची बंद केली पहिल्यांदा, कारण तिची तलफ सगळ्यात कमी होती, तिथे भाजलेली बडीशेप आणि ओवा. पंधरा दिवसांनी रात्रीची बंद. सकाळची सगळ्यात शेवटी, तिथे उठल्यावर आधी कोमट पाणी मग ब्रश, आणि पोटासाठी रात्री भिजवलेले मनुके. आणि तवा घरातून काढून टाकला, हे फार महत्त्वाचं, कारण डबी संपली तरी तवा असला की परत भाजली जाते. सरकारचा फुकट फोन नंबर पण आहे तंबाखू सोडवायला, १८००-११-२३५६, पुडीवर छापलेला असतो, आम्ही दोनदा लावला, नीट बोलतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड, तोंड पूर्ण न उघडणं ह्यातलं काहीही असलं तर घरगुती उपाय करत बसू नका, दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

चुलीचा धूर पण ह्याच हिशोबात येतो. गॅस असून भाकरी चुलीवरच करणारी घरं आहेत आमच्याकडे, चवीसाठी, ठीक आहे, पण मग चूल उघड्यावर घ्या, लाकूड वाळलेलं घ्या, आणि लहान पोराला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

तिसरं काम: ताट भरा, पण बाजार बघून

जागतिक आरोग्य संघटना सांगते रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळं. बटाटा, रताळं त्यात धरायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जे नमुन्याचं ताट केलंय त्यात दिवसभरात ४०० ग्रॅम भाजी आणि वर १०० ग्रॅम फळ आहे. आता हे ४०० ग्रॅम म्हणजे किती? एक दिवस खरंच वजन करून बघा. मी केलं होतं, आमच्या चौघांच्या घरात दिवसभराची भाजी सगळी मिळून सहाशे ग्रॅम भरली, म्हणजे माणशी दीडशे. आणि आम्ही स्वतःला भाजी खाणारं घर समजत होतो! तुम्ही पण एकदा करा, नुसतं अंदाजाने चालत नाही.

वाढवायचं कसं? भाजीचा दुसरा प्रकार करत बसायचं नाही, त्यात बाईचाच जीव जातो. आहे त्यातच वाढवा. वरणात पालक किंवा शेवग्याचा पाला मूठभर, जेवताना कच्चा कांदा-काकडी-मुळा नुसता चिरून, पोह्यांत मटार आणि कोबी, पिठल्यात कांद्याची पात, थालीपिठात मेथी. दीडशेवरून अडीचशेला गेलात तरी पहिल्या महिन्यासाठी खूप झालं.

व्हिटॅमिन सी ची गरज आपल्याकडे पुरुषाला रोज ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम धरलेली आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर असतं. म्हणजे अर्धा पेरू खाल्ला की दिवसाचं काम झालं, संत्र्यात त्याच्या पावपट असतं. आवळ्यात अडीचशेच्या आसपास किंवा जास्त. एक मोठा आवळा मीठ लावून चावून खायचा, जेवणाबरोबर, संपलं. मुरंबा आणि च्यवनप्राश ह्यांत साखर किती आहे ते बघा, शुगर असेल तर ते औषध म्हणून घेऊ नका. आवळ्याचा सीझन दिवाळीच्या पुढे असतो, तेव्हा किसून, मीठ लावून छोट्या डब्यांत फ्रीझरला टाकला तर उन्हाळ्यापर्यंत पुरतो, उन्हात वाळवला तर सी बरंचसं जातं, चव राहते.

पण नुसतं सी म्हणजे ॲन्टिऑक्सिडंट नाही. रंग बघा. जांभळं, करवंदं, कोकम, लाल माठ ह्यांचा जो जांभळा-लाल रंग बोटांना लागतो तो रंगच ॲन्टिऑक्सिडंट आहे. गाजर, भोपळा, पपई, आंबा ह्यांचा केशरी रंग म्हणजे कॅरोटीन, आणि हो, हेच ते बीटा कॅरोटीन जे गोळीत घातक ठरलं, भाजीतून घेतलं तर धोका दिसत नाही कारण एवढा एकदम डोस भाजीत नसतोच आणि बरोबर इतर शेकडो गोष्टी असतात. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन. कांद्यात क्वर्सेटिन. नाचणी आणि ज्वारीत कोंड्याजवळ असतात हे पदार्थ, म्हणून नाचणीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून पांढरट करू नका. शेंगदाणे, तीळ, कारळं, जवस ह्यांत व्हिटॅमिन ई, चटणीच्या रूपाने रोज दोन चमचे गेले की कॅप्सूल कशाला.

आणि पावसाळ्यात बाजारात कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, कर्टोली घेऊन ज्या बाया बसतात त्यांच्याकडून घ्या. परदेशी बेरीचं दोनशे रुपयांचं डबं घेण्यापेक्षा हे बरं, मला तरी असं मनापासून वाटतं. मध्ये एक काळ असा होता की कुठल्या फळाचे ॲन्टिऑक्सिडंट पॉइंट किती ह्याच्या याद्या फिरायच्या, अमेरिकेच्या शेती खात्याने स्वतःची ती यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण नळीत मोजलेला आकडा आणि शरीरात होणारा परिणाम ह्यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे सुपरफूड वगैरे शब्द दिसला की किंमत बघा आणि पुढे चला.

चौथं काम: ओट्यापाशी

बाजारातून चांगलं आणलं आणि ओट्यावर घालवलं असं होतं, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

भाजी आधी धुवा मग चिरा. चिरून पाण्यात बुडवून ठेवलेला कोबी, रात्री चिरून फ्रीजमध्ये ठेवलेली मेथी, ह्यातलं व्हिटॅमिन सी पाण्याबरोबर आणि हवेबरोबर जातं. नोकरीवाल्या बायकांना रात्री चिरावंच लागतं, मला पण लागतं, तर मग मोठे तुकडे करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सकाळी बारीक करा. पालेभाजी नुसती निवडून, कोरडी करून ठेवली तरी सकाळचा अर्धा वेळ वाचतो.

पालेभाजी उकडून पाणी फेकू नका, ते वरणात घाला. हिरवा रंग टिकावा किंवा हरभरा लवकर शिजावा म्हणून सोडा घालायची सवय असेल तर सोडून द्या, सोड्याने व्हिटॅमिन सी आणि काही बी व्हिटॅमिन मरतात.

सगळंच कच्चं खायचं असा पण एक समज आहे, तो चूक. टोमॅटो तेलात परतून शिजवला की लायकोपीन शरीराला जास्त मिळतं. गाजर-भोपळ्याचं कॅरोटीन चरबीशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून भाजीला थोडं तेल, कोशिंबिरीला फोडणी किंवा दाण्याचं कूट हवंच. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीत कूट घालायच्या ते नुसतं चवीसाठी नव्हतं म्हणायचं. म्हणजे सोपा नियम: आंबट आणि पाणीदार गोष्टी कच्च्या, केशरी-लाल गोष्टी तेलात शिजवलेल्या.

लसूण ठेचून लगेच तेलात टाकू नका. ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम काम करून जो वासाचा उपयोगी पदार्थ तयार करतं त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेलाच्या उष्णतेने ते एन्झाइमच मरतं. लसूण आधी ठेचा, बाजूला ठेवा, तोवर कांदा चिरा, दहा मिनिटं होतातच. कांद्याची सालं काढताना पण वरचे दोन जाड पापुद्रे उगाच काढू नका, बाहेरच्या थरांतच क्वर्सेटिन जास्त.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. लिंबू सरबत, कोकम, आवळ्याचा रस तांब्याच्या भांड्यात किंवा तांब्याच्या बाटलीत ठेवायचा नाही. आंबटाने तांबं सुटतं आणि तांब्याने व्हिटॅमिन सी वेगाने नासतं, दोन्हीकडून नुकसान.

मटकी, मूग, हरभरा मोड आणून खा. सुक्या कडधान्यात सी जवळजवळ नसतं, मोड यायला लागले की तयार होतं. पेरूच्या सीझनशिवायच्या महिन्यांत हे स्वस्तातलं उत्तर आहे.

आणि ज्यूस. फळ असताना ज्यूस काढू नका, चोथा जातो आणि साखर राहते. दुधी भोपळ्याचा रस सकाळी उपाशीपोटी घेणारे खूप आहेत, त्यांना हात जोडून सांगते, आधी दुधीचा एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो आख्खा दुधी फेका, दुसऱ्या रसात मिसळून चव लपवू नका. कडू दुधीतल्या क्युकरबिटॅसिन नावाच्या विषारी पदार्थाने रक्ताच्या उलट्या होतात, आपल्या देशात माणसं दगावली आहेत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यावर समिती नेमावी लागली होती.

पाचवं काम: तळणीचं तेल

दिवाळीत चकली तळली, त्याच तेलात शंकरपाळ्या, मग ते गाळून बरणीत, मग आठवड्याने त्यात नवीन तेलाची भर घालून भजी. असं केलेलं तेल म्हणजे खोबऱ्याच्या खवटपणाचा मोठा भाऊ. तापवलं की ऑक्सिडेशन धडाधड होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ तळलेल्या जिनसातून पोटात जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून हॉटेलवाल्यांना मर्यादा घातली आहे, तेलातले बिघडलेले पदार्थ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी आपण मोजू शकत नाही पण ओळखू शकतो: रंग काळपट, बोटाला चिकट, तापवताना वर बारीक फेस राहतो, आणि नेहमीपेक्षा लवकर धूर निघतो. एक जरी खूण दिसली तरी तेल गेलं.

म्हणून कढई लहान घ्या, तेल कमी घाला, तळून उरलेलं गाळून दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, परत तळायला नको. नव्या तेलात जुनं मिसळू नका, जुन्यातला बिघाड नव्याला लागतो. तेलाची बाटली खिडकीत उन्हात किंवा गॅसला खेटून ठेवायची नाही. खवट दाणे, खवट खोबरं भाजून वास घालवून वापरतात ते पण नको.

चहा, लोह आणि एक गफलत

चहात ॲन्टिऑक्सिडंट असतात हे खरं, पण तेच पदार्थ भाजी-डाळीतलं लोह बांधून ठेवतात. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, आणि जेवणावर लगेच चहा ही आपली पद्धत. चहा बंद करा असं मी म्हणणार नाही, जेवणाच्या आधी आणि नंतर एकेक तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका, लिंबू पाण्याबरोबर घ्या. उलट बाजूने, पालेभाजीवर लिंबू किंवा बरोबर पेरूची फोड असली की लोह जास्त शोषलं जातं. एका फोडीने दोन कामं.

चालणं आणि झोप

व्यायाम केला की शरीरात फ्री रॅडिकल वाढतात, आणि त्याच इशाऱ्यावर शरीर आपली आतली फॅक्टरी मोठी करतं. २००९ मध्ये जर्मनीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई दिलं. गोळी न घेणाऱ्यांचं इन्सुलिन चांगलं काम करायला लागलं, गोळी घेणाऱ्यांना तो फायदा मिळालाच नाही, कारण गोळीने तो इशाराच पुसून टाकला. जिमला जाणारी पोरं दुकानात सी च्या गोळ्या मागतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. एकदम नसेल जमत तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. शुगरवाल्यांनी तर हे नक्कीच, कारण रक्तातली साखर चढी राहिली की आतलं ऑक्सिडेशन वाढतं, त्यांच्यासाठी शुगर ताब्यात ठेवणं हेच सगळ्यात मोठं ॲन्टिऑक्सिडंट. मोठ्या माणसाला झोप निदान सात तास. दारूबद्दल लांबड लावत नाही, लिव्हरमध्ये ग्लुटाथायोनचा साठा दारू संपवते, "थोडी चांगली असते" हे विसरा.

कोणी आधी डॉक्टरला विचारायचं

रक्त पातळ होण्याची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, त्यातल्या व्हिटॅमिन के ने गोळीचा परिणाम कमी होतो. रोज सारख्या प्रमाणात खा आणि डॉक्टरांना सांगा. किडनीचा आजार असेल तर पालेभाजी, फळं, नारळपाणी ह्यातलं पोटॅशियम जड जाऊ शकतं, वरचं ताट तुमच्यासाठी नाही, तुमचं वेगळं बनवून घ्या. मुतखडा होऊन गेलेल्यांनी व्हिटॅमिन सी च्या हजाराच्या गोळ्या टाळा. केमो किंवा रेडिएशन चालू असलेल्या माणसाला कुणीतरी प्रेमाने ॲन्टिऑक्सिडंट पावडर आणून देतं, ती उपचाराच्या आड येऊ शकते, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चमचाभर पण नाही. गरोदर बाईने व्हिटॅमिन ए ची जादा गोळी घ्यायची नाही, बाळाला धोका असतो.

डॉक्टरकडे जाताना पहिल्या कामात केलेला तो कागद बरोबर न्या, नुसतं "शक्तीच्या गोळ्या चालू आहेत" म्हणू नका. आबा नेऊन आले. पाचातली एक स्ट्रिप डॉक्टरांनी ठेवली, चार बंद झाल्या, बिडी दिवसाला बंडलावरून तीनवर आलीये आणि त्या तीनसाठी आमचं अजून भांडण चालू आहे. परवा दुकानात आले तेव्हा पिशवीत दोन पेरू होते, एक काउंटरवर ठेवला माझ्यासाठी.